न दिलेली संमति

“ज्याला वाचण्याचा कंटाळा, त्यानें मागाहून रडूं नये,” असा एक न्याय संगणकविद्येंत मुरलेल्या मंडळींत रूढ होऊन बसला आहे. एखाद्या गृहस्थानें गाणीं ऐकण्याची किंवा छायाचित्रें नीटनेटकीं करण्याची एखादी फुकट आज्ञावली आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. दुसऱ्या दिवशीं पाहावें तों ब्राउझरच्या माथ्यावर एक अनोळखी टूलबार ठाण मांडून बसलेला, शोध घेण्याचें नेहमींचें पान नाहींसें होऊन त्या जागीं भलतेंच पान आलेलें, आणि साधें वर्तमानपत्र उघडलें तरी बातमीच्या आड जाहिरातींच्या कनाती उभ्या राहिलेल्या! ही कैफियत त्यानें एखाद्या जाणत्यापुढें नेली कीं जाणता शांतपणें विचारतो, “बसवतांना ‘पुढें, पुढें’ करीत गेलांत ना? तेथें चौकटींत खूण होती. ती तुम्हीं काढली नाहींत. म्हणजे संमति तुमचीच.” हें ऐकून तो गृहस्थ असा ओशाळतो, कीं ज्याचें घर फुटलें तोच पोलीसचौकींत मान खालीं घालून उभा आहे असें पाहणाऱ्यास वाटावें.

हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. तो अपुरा आहे एवढेंच आमचें म्हणणें नाहीं. तो उफराटा आहे. आणि सुशिक्षित घरांतून तो वडीलधाऱ्यांच्या तोंडावर सर्रास फेंकला जातो, म्हणून त्याचा परामर्श घेणें आम्ही अवश्य समजतों.

संमति म्हणजे काय, हें ठरविण्यासाठीं फार दूर जावयास नको. आपल्याकडील १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या तेराव्या कलमांत तिची व्याख्या आहे, आणि ती शाळकरी मुलासहि समजण्याइतकी सोपी आहे. दोन पक्षांनीं एकाच गोष्टीला एकाच अर्थानें मान्यता दिली, तर ती संमति. आमच्या गृहस्थानें मान्यता दिली ती गाणीं ऐकविणाऱ्या आज्ञावलीला. दुसऱ्या पक्षाच्या मनांत मात्र टूलबार होता. एकाच्या मनांत गाणें आणि दुसऱ्याच्या मनांत जाहिरात असतां ‘एकच गोष्ट, एकच अर्थ’ हें कोठून साधलें? यावर आमचे विद्वान् प्रतिपक्षी ‘मौनं संमतिलक्षणम्’ या वचनाचा आधार घेतील. परंतु ज्याला प्रश्न ऐकूं आला आहे, त्याच्याच मौनाविषयीं तें वचन आहे. मुलीला वराविषयीं विचारलें आणि ती लाजून गप्प राहिली, तर त्या मौनाचा कांहीं तरी अर्थ लावतां येतो (तो अर्थहि आपल्या समाजांत किती वेळां सोयीचा लावला गेला, हा प्रश्न निराळा). पण मुलगी परसांत असतां ओसरीवर कुजबुजत प्रश्न करावा, आणि ती ‘नाहीं’ म्हणाली नाहीं म्हणून अक्षता वाटाव्या, याला कोणतें शास्त्र आधार देईल?

आतां ज्या खुणेवर हा सगळा डोलारा उभा आहे, तिचा जन्म कसा होतो तें पाहावें. पहिली गोष्ट ही कीं, ती खूण गृहस्थाच्या हातची नव्हेच. ती दुसऱ्या पक्षानें अगोदरच करून ठेवलेली असते. मतपत्रिकेवर शिक्का मारून ती मतदाराच्या हातीं द्यावी आणि ‘पसंत नसेल तर पुसा’ असें सांगावें, तसा हा प्रकार आहे. दुसरी गोष्ट, आज्ञावली बसविण्याच्या दोन वाटा दाखविल्या जातात. एकीवर ‘शिफारस केलेली’ अशी पाटी, दुसरीवर ‘जाणकारांसाठीं’ अशी. नम्र मनुष्य अर्थातच पहिली वाट धरतो; आणि नको असलेलें सामान ज्या चौकटींत दिसतें ती चौकट दुसऱ्या वाटेवर ठेवलेली असते. तिसरी गोष्ट, ‘मान्य’ हें बटण ठळक, रंगीत आणि मोठें. ‘नको’ हा शब्द राखाडी, बारीक आणि जणूं बंद पडलेला. इतकी मांडणी सहज होत नसते. ती करण्यास बुद्धिमान् माणसें पगार देऊन ठेवावीं लागतात.

अगोदर करून ठेवलेल्या निवडीचा जोर किती, याचें एक उदाहरण संगणकाच्या बाहेरचें देतों. मरणोत्तर अवयवदानाच्या बाबतींत जर्मनींत दात्यानें स्वतः होकार नोंदवावा असा नियम, आणि शेजारच्या ऑस्ट्रियांत नकार नोंदविला नाहीं तर होकार समजावा असा नियम. जॉन्सन व गोल्डस्टीन या दोन संशोधकांनीं २००३ मध्यें दाखविलें कीं, त्या वेळीं जर्मनींत दर शंभरांत १२ माणसें संमतांत मोडत, तर ऑस्ट्रियांत ९९.९८. भाषा एक, सीमा लागून. मग ऑस्ट्रियाचे लोक आठपट दयाळू असें कोणी म्हणेल काय? अवयवदानांत निदान कुणाचा जीव वांचतो. टूलबारानें काय वांचतें?

टूलबारानें पैसा मिळतो. दुसऱ्याच्या संगणकावर एकदां आज्ञावली बसली कीं बसविणाऱ्याला ठरलेली दलाली मिळावी, असा हा धंदा आहे. गूगल व न्यूयॉर्क विद्यापीठ येथील संशोधकांनीं २०१६ सालीं या बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत दर बसवणुकीमागें दहा सेंटांपासून दीड डॉलरपर्यंत भाव आढळला. आणि असल्या नकोशा मालाविषयीं गूगलची सुरक्षाव्यवस्था दर आठवड्यास सहा कोटींहून अधिक इशारे देत होती, असें दिसलें. म्हणजे ज्या निष्काळजीपणाबद्दल गृहस्थाला दोष द्यावयाचा, तो निष्काळजीपणा नगास अमुक दरानें विकत घेतला जातो. मागणी जेथें निष्काळजीपणाचीच आहे, तेथें काळजी घेण्याची सोय कोण ठेवील?

कोणी म्हणेल, हे चोरबाजारांतले प्रकार. प्रतिष्ठित दुकानांत असें होत नाहीं. तर प्रतिष्ठित दुकानाचेंच उदाहरण घेऊं. जावा ही आज्ञावली कोट्यवधि संगणकांवर होती. ती निर्माण करणारी सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी २०१० मध्यें ओरॅकलनें घेतली. जावामध्यें सुरक्षेचीं भोकें वारंवार सांपडत, आणि तीं बुजविण्यासाठीं नवी आवृत्ति तत्काळ बसवा असा उपदेश हेच जाणते लोक आम्हां अजाणांस करीत. जानेवारी २०१३ मध्यें तर अमेरिकन सरकारच्या अंतर्गत सुरक्षा खात्यानें ब्राउझरमधील जावा बंदच ठेवा असा सल्ला दिला होता. अशा वेळीं घाबरून जो मनुष्य दुरुस्ती बसवावयास जाई, त्याच्यापुढें ‘आस्क’ नांवाच्या टूलबाराची चौकट येई, खूण आधींच केलेली. एकदां नाकारली तरी पुढल्या दुरुस्तीच्या वेळीं ती पुन्हां हजर. त्याच महिन्यांत एड बॉट या पत्रकारानें या टूलबाराची बारकाईनें तपासणी केली, तेव्हां एक मौजेची गोष्ट उघडकीस आली. जावा बसून झाल्यावर हा टूलबार दहा मिनिटें दबा धरून बसे आणि मग गुपचूप आपलें बस्तान मांडी. ज्याला चूक लगेच उमगली आणि जो काढून टाकण्यासाठीं यादी उघडून बसला, त्याला यादींत कांहींच दिसूं नये!

या दहा मिनिटांचें समर्थन आमच्या प्रतिपक्षीयांनीं करून दाखवावें. ज्याला खरी संमति मिळाली आहे, तो समोरच्या दारानें येतो आणि बैठकीवर बसतो. तो माळ्यावर चढून घरांत निजानीज होण्याची वाट पाहात नाहीं. येवढें झाल्यावर लाज वाटून प्रकार थांबला म्हणावें, तर तसेंहि नाहीं. २०१५ सालीं तोच टूलबार अ‍ॅपलच्या मॅक संगणकांवरील जावाबरोबरहि येऊं लागला.

“पण करार वाचावयास काय झालें होतें?” हा प्रतिपक्षाचा ठेवणींतला बाण. लोक करार वाचत नाहींत ही गोष्ट खरी, आणि ती सिद्ध करणाऱ्या गमती प्रसिद्ध आहेत. पीसी पिटस्टॉप या अमेरिकन कंपनीनें आपल्या करारांत एक कलम घातलें होतें: हें वाचून जो आम्हांस कळवील त्यास बक्षीस मिळेल. तीन हजारांहून अधिक लोकांनीं ती आज्ञावली उतरवून घेतल्यावर, चार महिन्यांनीं, एकानें पत्र पाठविलें. त्यास एक हजार डॉलर मिळाले. ही गोष्ट २००५ ची. पुढें १ एप्रिल २०१० रोजीं गेमस्टेशन या विलायती दुकानानें गिऱ्हाइकाचा अमर आत्मा आपल्या मालकीचा होईल असें कलम घातलें. ज्यांनीं तें नाकारलें त्यांना पांच पौंडांची सूट होती. तरी दर शंभरांतील अठ्ठ्याऐंशी गिऱ्हाइकांनीं आत्मा देऊन टाकल्याचें दुकानानें जाहीर केलें.

या कथा सांगून जाणते लोक हंसतात. आम्हीहि हंसतों, परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष त्यांच्या विरुद्ध जातो हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. करार कोणीच वाचत नाहीं, हें जर सर्वांस ठाऊक आहे, तर तें करार लिहिणारासहि ठाऊक आहे. वाचला जाणार नाहीं अशा खातरीनें लिहिलेल्या कागदाला सूचना म्हणावयाचें कीं पुरावा? सीअर्स या अमेरिकेंतील जुन्या व्यापारी पेढीनें गिऱ्हाइकांना दहा डॉलर देऊन एक आज्ञावली बसवून घेण्यास सांगितलें होतें. बँकेचे हिशोब, औषधांच्या नोंदी, दुसऱ्या दुकानांतली खरेदी, सगळें त्या आज्ञावलीला दिसे. ही कबुली करारांत नव्हती असें नाहीं. होती, सुमारें पंचाहत्तराव्या ओळीपासून पुढें. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें २००९ सालीं असली कबुली ही कबुलीच नव्हे असें ठरवून सीअर्सला गोळा केलेली माहिती नष्ट करावयास लाविलें. त्यापूर्वींच २००२ मध्यें नेटस्केप कंपनीच्या खटल्यांत तेथील अपील न्यायालयानें हेंच तत्त्व सांगितलें होतें. आज्ञावली उतरवून घेण्याचें बटण वर, आणि कराराचा उल्लेख पान खालीं सरकविल्यावरच दिसणारा. अशा स्थितींत बटण दाबणें म्हणजे करार मान्य करणें नव्हे. तो निवाडा लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोतोमायोर पुढें २००९ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत गेल्या.

परंतु हीं उदाहरणें समुद्रापलीकडचीं म्हणून कोणी नाक मुरडील, त्यास आम्ही पुणें जिल्ह्यांतलेंच एक उदाहरण देतों. ‘अंगठा तुझाच ना?’ हा प्रश्न या मातीला नवा नाहीं. गेल्याच्या गेल्या शतकांत दक्षिणेंतला कुणबी सावकारापुढें बसे, बियाण्यापुरते रुपये मागे, आणि सावकारानें पुढें केलेल्या खतावर निशाणी करी. खतांत काय लिहिलें आहे तें त्याला वाचतां येत नसे. व्याज मुद्दलांत कसें मिसळलें, जुनें खत फिरवून नवें कसें झालें, हें समजत नसे. आणि समजलें तरी पाऊस तोंडावर आलेला असे. कोर्टांत गेल्यावर मुन्सफ एवढेंच पाही, कीं निशाणी याची आहे कीं नाहीं. ती असे. हुकूमनामा होई आणि शेत जाई. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें बाजारांत लोक उठले, आणि मग पुणें व नगर जिल्ह्यांतील गांवोगांव तेंच झालें. त्या बंडांत लोकांनीं विशेष हट्टानें जर काय मिळविलें आणि जाळलें असेल, तर तीं खतें. चौकशीसाठीं कमिशन बसलें, आणि १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या कायद्यानें न्यायाधीशास सांगितलें कीं, नुसत्या खतावर आणि निशाणीवर थांबूं नका. व्यवहार मुळापासून कसा झाला तें उकरून पाहा. शिवाय शेतकऱ्यानें करून द्यावयाचे दस्तऐवज गांवच्या नोंदणी-अधिकाऱ्यासमोर व्हावे, अशी तजवीज केली.

आम्ही टूलबारास कर्जखताच्या पंक्तीस बसवीत नाहीं. एकानें जमीन जाई, दुसऱ्यानें बहुधा एखादी दुपार जाते आणि डोकें उठतें. पण बचाव दोन्हींकडे एकच आहे, अक्षरशः एकच: निशाणी तुझी, म्हणून संमति तुझी. जो बचाव परकी सरकारनें देखील १८७९ मध्यें पुरेसा मानला नाहीं, तो आमचे पदवीधर आज बिनदिक्कत पुढें करतात, याचें आम्हांस नवल वाटतें. खताच्या कुणब्याला अक्षरओळख नव्हती. आमच्या गृहस्थाला ती आहे, हा भेद कोणी दाखवील. परंतु सहा हजार शब्दांचा इंग्रजी करार, तोहि वकिली भाषेंत आणि चार ओळींच्या खिडकींतून, पुढें टाकल्यावर साक्षर आणि निरक्षर यांत कितीसें अंतर उरतें? ज्या माउलीनें उभा जन्म मराठी ग्रंथ वाचण्यांत घालविला, ती त्या खिडकीपुढें त्या कुणब्याइतकीच निरक्षर ठरते.

कायद्यांतील एक आक्षेप मात्र खरोखर विचारार्ह आहे, आणि तो टाळून पुढें जाणें बरोबर होणार नाहीं. त्याच १८७२ च्या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाला एक अपवाद आहे. दुसऱ्यानें चुकीचें सांगितलें किंवा तो कपटानें गप्प राहिला, तरी साधारण दक्षतेनें सत्य शोधून काढण्याचें साधन ज्याच्या हातीं होतें, त्याला करार रद्द करून मागतां येत नाहीं. म्हणजे झोपणाऱ्याला कायदा जागें करीत नाहीं. आम्हांस हें मान्य आहे. परंतु हा अपवाद चुकीच्या कथनापुरता आणि गप्प राहण्यापुरता आहे. मुद्दाम झांकून ठेवणें ही निराळी गोष्ट आहे, आणि त्याच कायद्याच्या सतराव्या कलमांत ती कपटाचा स्वतंत्र प्रकार म्हणून सांगितली आहे. ‘जाणकारांसाठीं’च्या वाटेवर चौकट ठेवणें हें गप्प राहणें कीं झांकणें? दहा मिनिटें दबून बसणें हें गप्प राहणें कीं झांकणें?

आणि दक्षता दाखविणाऱ्याचें तरी काय झालें? लेनोवोनें २०१४ च्या उत्तरार्धापासून कांहीं लॅपटॉप सुपरफिश या कंपनीची जाहिरातबाज आज्ञावली आंत घालूनच विकले. ती बँकेसारख्या कुलूपबंद पानांमध्येंहि शिरत होती. गिऱ्हाइकानें प्रथम खरेदीच्या पानावर पाऊल ठेवलें कीं एकदांच एक चौकट येई. आणि ती मिटवून टाकली, किंवा पडद्यावर दुसरीकडे कोठेंहि बोट दाबलें, तरी होकारच धरला जाई. व्यापार आयोगानें २०१७ मध्यें कंपनीशीं तडजोड केली तेव्हां ही हकीकत त्याच्या तक्रारींत नमूद होती. त्याहून सरस गोष्ट २०१३ सालची. फोनचा दिवा लावणारी एक फुकट आज्ञावली लक्षावधि लोकांनीं घेतली होती. तिच्यांत ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ अशीं दोन बटणें रीतसर दिलेलीं होतीं. मात्र तुम्ही करार वाचीत असतांच, कोणतेंहि बटण दाबण्यापूर्वीं, तुम्ही कोठें आहां ही माहिती जाहिरातवाल्यांकडे रवाना झालेली असे. इतका दक्ष वाचक कोठून आणावा, कीं जो वाचून होण्याच्या आधींच नकार देईल?

फुकट वस्तूला किंमत कोणी तरी मोजलीच पाहिजे, हें आम्ही जाणतों. मासिकेंहि जाहिरातींच्या आधारानेंच उभीं राहतात. पण मासिकांतली जाहिरात मासिकाच्या पानावर असते. अंक मिटला कीं ती मिटते. ती वाचकाच्या फडताळांत शिरून त्याचीं बाकीचीं पुस्तकें हलवीत नाहीं. शिवाय, किंमत असेल तर ती पाटीवर लिहावी. सोर्सफोर्ज या प्रसिद्ध वितरणस्थळानें २०१३ मध्यें अशीच जोडमालाची योजना काढली, २०१५ मध्यें गिंप या चित्रकलेच्या आज्ञावलीवरून तिची सर्वत्र छीथू झाली, आणि २०१६ मध्यें नव्या मालकांनीं ती योजना बंद केली. स्थळ त्यामुळें बुडालें नाहीं.

वापरणाराची जबाबदारी अजिबात नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. आज्ञावली तिच्या कर्त्याच्या मूळ ठिकाणाहून घ्यावी, ‘जाणकारांसाठीं’ची वाट मुद्दाम निवडावी, आलेल्या प्रत्येक चौकटीपुढें क्षणभर थांबावें, हें ज्याला ठाऊक आहे त्यानें तें केलेंच पाहिजे. पण ज्याला ठाऊक आहे त्यानें! जबाबदारी ज्ञानाबरोबर वाढते. घरांत जो मुलगा किंवा पुतण्या हीं सगळीं सोंगें ओळखतो, त्यानें आजोबांचा फोन एकदां स्वतः लावून द्यावा. रविवारीं चारचौघांत “आजोबा कशावरहि बोट दाबतात” असें म्हणून हंसूं नये. आजोबांच्या हातून जें घडलें तें दुसऱ्या कुणी तरी मोठ्या पगारावर बसून घडवून आणलें आहे, हें त्याला पुरतें माहीत असतें.

कायदा हळूहळू या बाजूला वळत आहे. युरोपच्या न्यायालयानें १ ऑक्टोबर २०१९ रोजीं आधींच खूण केलेली चौकट ही संमति नव्हे असा स्वच्छ निवाडा दिला. आपल्याकडे २०२३ च्या अखेरीस ग्राहकांना फसविणाऱ्या मांडणीचे तेरा प्रकार केंद्रीय प्राधिकरणानें नांवानिशीं निषिद्ध ठरविले. त्याच वर्षीं झालेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यांत संमति ही मोकळी, नेमकी, माहितीपूर्वक आणि स्पष्ट कृतीनें दिलेली असली पाहिजे असें म्हटलें आहे. तिची सूचना इंग्रजींत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याहि भाषेंत, म्हणजे मराठींतहि, मागण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले, आणि संमतीविषयींच्या कलमांना त्यापुढें अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्यांत एक कलम आम्हांस विशेष मोलाचें वाटतें: वाद उत्पन्न झाल्यास रीतसर सूचना दिली होती आणि संमति मिळाली होती, हें सिद्ध करण्याचें ओझें माहिती घेणाऱ्यावर आहे, देणाऱ्यावर नाहीं.

हें कलम वैयक्तिक माहितीपुरतें आहे. नुसती जाहिरात दाखविणारा आणि माहिती न घेणारा टूलबार त्याच्या कक्षेंतून निसटेल. आमची मागणी अशी आहे कीं, दुसऱ्याच्या यंत्रावर जें जें कांहीं बसविलें जाईल, त्या सर्वांस तें लागू करावें: चौकट रिकामी असावी, ‘नको’ हें ‘मान्य’इतक्याच ठळक अक्षरांत असावें, काढण्यास बसविण्याहून अधिक वेळ लागूं नये, आणि पुरावा बसविणाऱ्यानें द्यावा. तोंवर जाणत्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, उलटतपासणी करावयाचीच तर ती टूलबाराच्या मालकापासून सुरू करावी. या गृहस्थानें तुला केव्हां, कोणत्या शब्दांत, कशासाठीं होकार दिला, हें त्याला विचारावें. आणि त्याचें उत्तर येईपर्यंत गृहस्थास उभें करूं नये.